हॅलिफॅक्सला येताना

हॅलिफॅक्स, कॅनडा
८ ऑक्टोबर २०२३

श्री. भूषणच्या बाबांना जाईचा सप्रेम जयभीम.

वि. वि. मला इथं येऊन तीन आठवडे झाले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर माझे ओठ अडकत अडकत हलतात, ते तुम्हाला वाचता येत नाहीत. कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीनपुढं उभं राहून कान घालवून बसलात, आता माझी बडबड कागदावर वाचा. भूषणला पाकिटं आणायला लावली तर तो हसला. म्हणाला, इथं कागदाचं पत्र फक्त बँक पाठवते.

दोघांचा व्हिसा एकदम आला होता. तुम्ही भात कापणीचं कारण काढलंत आणि मी एकटी विमानात बसले. असो. तुमचं जानेवारीचं तिकीट आहे, तोवर मी इथलं सगळं शिकून तुम्हाला कळवत जाते.

रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. पहिल्या दिवशी मी त्यांना हातानं जा जा करत होते आणि ते मला. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, सगळेच म्हणतात. फोडणीआधी पंखा लावायचा, नाहीतर छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलतं. माझ्या मिरचीच्या ठेच्यानं शेजारीण दारात आली होती. गोळ्या सहा महिन्यांच्या आणा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. लोकरीचे मोजे इथंच घेऊ, तिकडचे पातळ पडतात.

आणि विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घ्या. ढकलणारा माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत सोडतो, कुणाशी बोलावं लागत नाही. मीही तशीच आले.

भूषण आणि जुईली सकाळी साडेसातला कामाला जातात. गौतमी दुपारी दोनपर्यंत शाळेत. माझं बरं चाललंय. लायब्ररीत एक गुजराती बाई भेटली, रोज आम्ही दोघी काचेशी बसून समुद्र बघतो. धुकं आलं की समुद्र जातो, मग आम्ही धुकं बघतो.

जेवण वेळेवर करा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
जाई


घोटावडे, ता. मुळशी
२ नोव्हेंबर २०२३

सौ. जाईस जयवंतचा सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. पोस्टमन दारात हुबा राहून कायतरी इचारत हुता. कुटनं आलं असं इचारलं असंल म्हणून मी कॅनडा म्हणालो, तर त्यो हसला. मागनं शेजारच्या दयानंदनं कागदावर लिहून दिलं, की त्यो पानी मागत हुता.

भात कापून झालं. दहा गुंठ्यात जेवढं येतं तेवढं आलं. भाकरी अजून गोल येत न्हाई, पर खाताना आकार कोण बघतंय. तुज्या अंगणवाडीतली नवी बाई रस्त्यात भेटली. पोरं तुला इचारत्यात, असं तिनं हातवारे करून सांगितलं. मीबी हातवारे करूनच सांगितलं, की तू मजेत हायेस.

खुर्चीचं म्हणशील तर नको. कान गेले म्हणून पायबी गेले, असं लोकांनी समजावं का? मी चालत येईन.

एक इचारायचं हाय. हितं सगळ्यांना माझं म्हायती हाय. दयानंद आधी खांद्याला हात लावतो, मी वळलो की मग बोलतो. दुकानदार बोटं दाखवतो. तितल्या लोकांना हे कोण सांगनार? दिवसभर तुमी सगळे बोलणार आन मी टेबलाशी बसून एकेकाचं तोंड बघणार. भूषण चिडत न्हाई, पर दोनदा सांगून झाल्यावर 'जाऊ दे' म्हनतो. त्ये मला वाचता येतं.

असो. निघायच्या दिवशी सकाळी विहारात निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय. शाल देनार हायेत. तब्येत सांभाळ. आठवण ठेवत जा, मी ठेवतोच.

जयवंत


हॅलिफॅक्स
१२ डिसेंबर २०२३

श्री. भूषणच्या बाबांना सप्रेम जयभीम.

अक्षराला हसू नका. थंडीनं बोटं आखडतात, म्हणून कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आलंय. पत्रही छोटंच लिहिते.

बर्फ पडायला लागला. पांढरा, भुसभुशीत बर्फ वाईट नसतो. रस्त्यावर जो दिसतच नाही, काळ्या काचेसारखा असतो, तो वाईट. चालताना पाऊल बदकासारखं आडवं टाकायचं आणि हात खिशात घालायचे नाहीत. बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, तुमच्यासाठी घेऊन ठेवलेत. फुटपाथवर मीठ टाकतात, ते घरात येतं, म्हणून बूट दारातच काढायचे. साडेचारला अंधार पडतो. पहिल्यांदा मला वाटलं घड्याळ बंद पडलं.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. जुईलीकडून इंग्रजीत लिहून घेतली. मला ऐकू येत नाही, मी मुलाकडे चाललोय, कृपया लिहून विचारा, असं त्यात आहे. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. खुर्चीचं अजून एकदा मनावर घ्या.

तुमच्या टेबलाशी बसण्याबद्दल भूषणला काही बोलले नाही. तुम्ही आलात की माझ्यासमोर बसा. बाकीच्यांचं मी सांगत जाईन.

गौतमी विचारते आजोबा कधी. दहा तारीख तिनं कॅलेंडरवर रंगवली आहे. वाट बघते आहे.

जाई


भूगाव
२४ जानेवारी २०२४

सौ. जाईस सप्रेम जयभीम.

प्रियदर्शिनीनं तुमाला फोन केला आसंलच. आपल्या लेकीनं काय सांगितलं म्हायती न्हाई. मी सांगतो ते खरं.

तिनं आन जावयांनी मुंबईला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. आत त्यांना येता आलं न्हाई. काउंटरला मास्क लावलेली मुलगी हुती. तिच्या तोंडाकडं बघून काय उपयोग, नुसतं कापड हलत हुतं. मी चिठ्ठी दिली. तिनं वाचली, मान हालवली, आन पुन्हा बोलायलाच लागली. सवय असती लोकांना. मी हो म्हणालो. तिनं अजून काय इचारलं, मी त्यालाबी हो म्हणालो. मग तिनं दुसऱ्या माणसाला बोलावलं. तो माझ्या बॅगेकडं बोट दाखवून इचारत हुता. काय आनू नये ते तू आनलंयस का, असं इचारत आसंल आन मी हो म्हटलं आसंल.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मला वाटलं कुणीतरी ओळखीचं. वळलो तर मागच्या रांगेतला माणूस, बाजूला हो म्हणून ढकलत हुता. जाई, मी बाजूला झालो. तसाच ट्रॉली घेऊन बाहेर आलो. बाहेर पडायलाबी पोलिसाला तीच चिठ्ठी दाखवावी लागली.

तिकडं तुमी तिघं-चौघं विमानतळावर यायची तयारी करून बसला असणार. गौतमीला काय सांगितलं?

तवापास्नं हितं लेकीच्या फ्लॅटवर हाय. घोटावड्याला गेलो न्हाई. ज्यांनी शाल दिली त्यांच्यापुढनं जायचं कसं? खिडकीतून नव्या बिल्डिंगचं काम दिसतं, तेच बघतो. मशीन चालू आसंल तरी मला शांतच.

माझ्यावर रागव. पर लिही.

जयवंत


हॅलिफॅक्स
१६ फेब्रुवारी २०२४

श्री. भूषणच्या बाबांना जाईचा सप्रेम जयभीम.

रागवायला तोंड हवं, ते मला नाही. मीही तुम्हाला खोटं लिहिलंय.

अक्षर थंडीनं बिघडलं नव्हतं. दोन डिसेंबरला दारासमोरच घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. ते पत्र डाव्या हातानं लिहिलं. भूषणला आणि प्रियूला शपथ घातली होती तुम्हाला न सांगण्याची. प्लास्टर परवाच काढलं. बदकाच्या चालीचं मला नंतर कळलं.

गुजराती बाई होती, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी ती लेकीकडं टोरांटोला गेली. तेव्हापासून काचेशी मी एकटीच बसते. तुम्हाला त्या मुलीचं तोंड दिसलं नाही. मला इथं सगळ्यांची तोंडं दिसतात, आवाजही येतात, तरी काही कळत नाही. गौतमी इंग्रजीत गोष्ट सांगते आणि मी बरोबर ठिकाणी हसायचा प्रयत्न करते. अंगणवाडीत तीस पोरं एका हाकेत गप्प बसवणारी बाई मी. इथं आठवडा आठवडा माझा आवाज कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापुरता निघतो. भूषण-जुईली चांगले आहेत. दमून येतात. त्यांच्याकडं माझी तक्रार नाही.

जूनमध्ये जुईली बाळंत होईल, तोवर मला हलता येणार नाही. तुम्ही या असं आता म्हणत नाही. इतकं घाबरून कुणी यावं असं हे गाव नाही. पण लपून राहू नका. घोटावड्याला जा. शाल परत करायची गरज नाही, ती माणसाला दिली होती, विमानाला नाही.

गौतमीला सांगितलं, आजोबांची बस चुकली. तिला ते पटलं.

लोभ आहेच, तो वाढवा.

जाई


हॅलिफॅक्स
२० मे २०२४

चि. प्रियदर्शिनीस बाबांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पोचलो, हे तुला भूषणनं कळवलं आसंलच. तरी माझ्या हातानं लिहितो.

तुज्या आईचं मनगटाचं पत्र वाचलं त्या दिवशीच मी तुज्याकडनं निघालो, त्ये तुला आठवत आसंल. घोटावड्यात उतरलो तर दयानंदनं कुलूप काढून दिलं, चहा आणला, आन विमानाबद्दल एक अक्षर इचारलं न्हाई. विहारात गेलो. कुणी हसलं न्हाई. मला उगाच वाटत हुतं.

ह्या येळी खुर्चीत बसलो. तुज्या आईनं मोडक्या हाताचं लपवलं, तर माझ्या धड पायांचा मान कशाला ठेवायचा. ढकलणारी मुलगी हुती. प्रत्येक ठिकाणी माझ्यापुढं येऊन, वाकून, मास्क खाली करून सांगायची. तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

हितं एक गंमत हाय. मी बहिरा हाय हे कुणाला कळतच न्हाई. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला इंग्रजी येत न्हाई. मग ते हसत्यात, बोटानं दाखवत्यात, सावकाश समजावत्यात. भूषण मात्र अजून 'जाऊ दे' म्हनतो. त्याच्याशी एकदा बोलावं लागंल. मी बोलीन.

तुजी आई लई वाळलीय. विमानतळावर मला बघून तिनं नुसती हातातली पिशवी घेतली. घरी आलो, बाकीचे कामाला गेले, गौतमी शाळेत गेली. तिनं खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आन बोलायला लागली. सप्टेंबरपासनं सुरुवात केली. धुकं, बस, डॉक्टर, हाताचं प्लास्टर, जुईलीचं पोट, खालच्या मजल्यावरचा कुत्रा. चहा गार झाला तरी थांबली न्हाई. मधे मधे रडत हुती, तवा ओठ वेडेवाकडे व्हायचे, मग मला एक शब्द वाचता यायचा न्हाई.

दोन वाजेपर्यंत बोलली. मला निम्मंबी कळलं न्हाई, प्रियू. पर मी तिला 'काय?' असं एकदाबी इचारलं न्हाई. नुसता तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

जावयांना जयभीम सांग. आमच्या दोघांची काळजी करू नकोस.

तुजा,
बाबा