आल्गोतचे नवे वॉकीटॉकी

२४ ऑगस्ट

आल्गोतने शिकारीच्या सगळ्या टोळीसाठी नवे वॉकीटॉकी आणले. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. माझा चुलतभाऊ शिकारप्रमुख काय झाला, सगळं रान त्याच्या बापाचं झालं.

जुने काय वाईट होते? बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. ह्या नव्यांत बोलणं संपलं की पीं वाजतं. बटणांना कुलूप लागतं, आणि ते नेमकं मूस — आमचं घोड्याएवढं हरीण — समोर आला की लागलेलं असणार. बटण न दाबता नुसत्या आवाजाने चालू व्हायचीही सोय आहे — म्हणजे मचाणावर मी शिंकले की अख्ख्या रानाला सर्दीची बातमी! डब्यावर लिहिलंय दहा किलोमीटर. मध्ये एक टेकडी येऊ दे, मग बघू तुझे दहा किलोमीटर.

मांस कापायच्या शेडमध्ये आम्हाला बसवून त्याने तासभर शिकवणी घेतली. छुप्या कोडवर तर फारच रंगला. 'हा कोड लावला की आपलं बोलणं आपल्यातच. ओढ्यापलीकडच्या टोळीने कितीही कान लावू दे, काही ऐकू जाणार नाही.' मग माझ्याकडे वळला. 'गुन्वोर, तुला झेपेल ना? का परत सांगू?'

सगळे हसले. सिक्स्टेनसुद्धा. शिकारीची कुत्री त्याची, रोज मला गाडीतून नेतो-आणतो तो, माझ्या हातची कॉफी पितो, आणि हसला.

जन्मभर शाळेचं स्वयंपाकघर चालवलंय मी. असल्या बटणांना भीत नाही.

२६ ऑगस्ट

माहितीपुस्तिका वाचली. पूर्ण. आल्गोतने उघडलीही नसणार.

छुपा कोड काहीही लपवत नाही! तो फक्त आपल्या यंत्राचा कान बंद करतो. ज्यांचा कोड तोच, त्यांचंच आत घेतो, बाकीच्यांचं गाळतो. पण आपलं बोलणं जातं ते सगळीकडे उघडंच. ज्याने कोड शून्यावर ठेवलाय त्याला त्या चॅनेलवरचा शब्द न शब्द ऐकू येतो. म्हणजे स्वतःच्या कानात बोळे घालून चौकात मोठ्याने बोलायचं, आणि म्हणायचं, कोणी ऐकत नाही.

आल्गोतला फोन केला. 'दुकानदाराने समजावलंय मला,' म्हणाला. 'तू वाच तुझं पुस्तक.' ठेवला.

बरं. राहू दे.

२ सप्टेंबर

शिकारीचा पहिला दिवस. पहाटे गोठलेलं गवत, मग चांगलं ऊन.

मी माझ्या मचाणावर, सारसांच्या दलदलीपाशी. हे बाबांनी बांधलेलं. ते गेल्यापासून तिथे दुसरं कोणी बसलेलं नाही. मूस येतो तो तिथूनच, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणूनच सकाळी आल्गोतचा जावई केनेत माझ्या मचाणाकडे टक लावून बघत होता. उमिओ शहरातून आलाय. बुटांना अजून दुकानाचा वास.

दुपारी सगळं थंडावलं. सहज चॅनेल बदलत बसले, कोड शून्यावर. तिसऱ्यावर आवाज आला. केनेत — 'म्हातारी हलणार कधी तिथून?' आल्गोत — 'एवढा सप्टेंबर बसू दे. ऑक्टोबरच्या सभेत काढतो विषय. तिला रस्त्याकडेचं मचाण देऊ. बसेल गाड्या मोजत.'

म्हणजे हे तिघं-चौघं तिसऱ्या चॅनेलवर आपला वेगळा कोड लावून बसतात. यंत्राला दोन चॅनेल एकदम ऐकायची सोय आहे, त्यामुळे पहिल्यावर, म्हणजे सगळ्या टोळीच्या चॅनेलवर, कोणी हाक मारली तर ओ देता येते. फार हुशार!

मग सिक्स्टेनचा आवाज. 'तिला सांगणार कोण? मी नाही बुवा.'

'नाही' म्हणाला नाही. 'मी नाही' म्हणाला. घरी येताना त्याच्याच गाडीत बसले होते. हवा छान आहे म्हणाला. हो म्हटलं.

३ सप्टेंबर

तिसरं चॅनेल. दिवसभर.

६ सप्टेंबर

केनेतने मूसचं वासरू मारलं. माझ्या दलदलीतून गेलेलंच. मला गोळी घालता आली असती, पण वासराच्या पाठीमागे सिक्स्टेनची कुत्री होती, म्हणून थांबले. त्याचं कौतुक कोणाला.

संध्याकाळी मांसाचे वाटे पडले. नेहमीसारखं एक जण भिंतीकडे तोंड करून उभा, दुसरा वाट्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, 'हा कोणाचा?' पाठमोरा जे नाव घेईल त्याचा तो. कोणाची तक्रार नको म्हणून. आज भिंतीकडे सिक्स्टेन होता. मला मानेचा वाटा आला, नुसती हाडं. त्याला दिसत नव्हतं, माहीत आहे. तरी राग आला.

११ सप्टेंबर

आज तिसऱ्यावर सिक्स्टेन रडला.

बायकोबद्दल बोलत होता. एल्वीला आता काही आठवत नाही, हे गावाला ठाऊक आहे. पण परवा तिने ह्याला घरात पाहिलं आणि घाबरून शेजारणीला हाका मारल्या, हे मला ठाऊक नव्हतं. आल्गोतला सांगत होता. आल्गोत फार काही बोलला नाही. 'हं' म्हणायचा आणि पीं. मग परत 'हं'. शेवटी म्हणाला, 'संध्याकाळी ये इकडे, दोघं मिळून लाकडं फोडू.'

एवढी वर्षं माझ्या ओट्याशी बसून कॉफी पितोय. मला नाही सांगितलं. आल्गोतला सांगितलं!

१४ सप्टेंबर

लिहून ठेवायची गरज नाही. माझ्या लक्षात राहतं.

आज आल्गोत केनेतला म्हणाला, 'सिक्स्टेनची कुत्री आता कुत्री नाही, भुंकणारी सतरंजी आहे.' परवा-परवाच त्याच्या गळ्यात गळा घालून लाकडं फोडत होता. असा हा माणूस. आणि ह्याच्या मागे सगळी टोळी शेपूट हलवत जाते.

२० सप्टेंबर

सिक्स्टेनला सतरंजीचं सांगितलं. राहवलं नाही.

मला वाटलं भडकेल. त्याने कप खाली ठेवला. 'हे तू कुठे ऐकलंस?' मी वॉकीटॉकी काढला, कोड शून्यावर कसा करायचा ते दाखवलं. तो यंत्राकडेच बघत राहिला. 'म्हणजे आमचं पण?' म्हणाला.

'सगळ्यांचंच,' म्हटलं.

कॉफी अर्धी टाकून गेला. उद्यापासून मी माझी गाडी घेऊन जाईन, असंही मीच म्हटलं. त्याने नको म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर

सभा. आजचा दिवस माझा!

आल्गोतने विषय काढला, अगदी गोड आवाजात. 'गुन्वोरचे गुडघे, शिडी उंच, आपल्यालाच काळजी वाटते...' मी त्याला बोलू दिलं. मग उभी राहिले आणि सगळं म्हणून दाखवलं. म्हातारी हलणार कधी. गाड्या मोजत बसेल. भुंकणारी सतरंजी. कोणाचा नेम फुटका, कोणाची बायको कंजूष, कोण वाट्याच्या वेळी पाठमोऱ्याला खोकून खूण करतो. ज्याने म्हटलं त्याच्या नावानिशी. आल्गोत मानेपर्यंत लाल. केनेत नव्या बुटांकडे बघत होता.

मग यंत्र टेबलावर ठेवलं. म्हटलं, 'हा तुमचा छुपा कोड. पुस्तिकेच्या नवव्या पानावर लिहिलंय. मी सांगायला फोन केला होता.'

सिक्स्टेनचं एल्वीबद्दलचं मी काढलं नाही. एवढी समज आहे मला. पण तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता, आता काढेल, मग काढेल, असं.

आल्गोत गेला प्रमुखपदावरून. कोणाला ती खुर्ची नको होती. मागून कोणीतरी म्हणालं, 'गुन्वोरलाच करा. तिला सगळं कळतंच.' हात वर झाले. मचाण माझं, टोळीही माझी.

आमच्याकडच्या रीतीने चीजचे तुकडे घालून कॉफी केली होती. कोणी थांबलं नाही. थंडीही फार होती.

११ ऑक्टोबर

मूसच्या माजाच्या दिवसांत थांबवलेली शिकार उद्यापासून परत सुरू. सगळ्यांना बोलावून नियम सांगितले. सगळे पहिल्या चॅनेलवर. कोड नाही. गप्पा नाहीत. बोलणं कामापुरतं.

'समजलं?'

'समजलं,' म्हणाले. आल्गोतसुद्धा. इतक्या पटकन माझी शाळेतली पोरंही ऐकत नसत.

१२ ऑक्टोबर

ह्याला म्हणतात शिस्त. सकाळी एकेका मचाणाला हाक मारली. 'बसलो.' पीं. 'बसलो.' पीं. सिक्स्टेनने कुत्री सोडली, 'सोडली' म्हणाला. बास. दिवसभर एक फालतू शब्द नाही. संध्याकाळी 'शिकार थांबवा, बंदुका रिकाम्या करा' म्हटलं, सगळीकडून 'समजलं' आलं.

आल्गोतच्या काळात असं होतं का? नुसता बाजार होता.

दलदलीवर धुकं होतं. मूस आला नाही.

१३ ऑक्टोबर

आजही चिडीचूप. कंटाळून शोधायचं बटण दाबलं — यंत्र आपोआप एकेक चॅनेल चाळत जातं आणि कोणी बोलत असेल तिथे थांबतं. चौदाव्यावर थांबलं. केनेतने शेकोटीत चीज जाळलं होतं, आल्गोत त्याला हसत होता. सिक्स्टेन सांगत होता, एल्वीने काल कुत्रीला नावाने हाक मारली. आता मला शिव्या घालतील म्हणून अंधार पडेपर्यंत ऐकत बसले. माझं नाव एकदाही निघालं नाही.