खालच्या अंगाची माती

३ मार्च ९४, वडूज
आज चौथा खड्डा. भीमामामाच्या शेतात, ओढ्याकाठी. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नव्या कॅनॉलच्या सर्व्हेचा पट्टा नेमका आईच्या माहेरच्या वाडीवरून गेलाय, त्यात माझा काही हात नाही. तरी माधव सकाळपासून "माहेरची माती, माहेरची माती" म्हणून चिडवतोय. वर माळावर मुरूम, मधल्या उतारावर मध्यम काळी, आणि तळाला मामाची खोल काळी. खड्ड्यात उतरले. कमरेच्या खाली मातीत तिरपे चकचकीत पापुद्रे, बोट फिरवलं तर काचेसारखे गुळगुळीत. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आतल्या आत घासत राहते. त्याच्याच खुणा. आणखी खाली चुनखडीचे खडे. ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतात. मामा काठावर उकिडवा बसून बघत होता. "सोडा-लिंबू करतीस का काय गं?"
मामीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. माधवनं भाकरी मागून घेतली. वाईचा मुलगा, कॉलेजपासूनचा मित्र, आता एकाच लॅबमध्ये. आमच्या घरांत जेवताना त्याला कधी अवघडलेलं पाहिलं नाही. आईला म्हणून तो आवडतो.

१८ एप्रिल, सांगली
नमुने वाळवून, कुटून, चाळून झाले. पंखा लावता येत नाही, माती उडते. घामानं बेजार.
मधल्या उताराची माती शहाणी निघाली, काही कुरकुर नाही. मामाची मात्र... खोल जावं तसा पीएच चढतोय. तळाच्या थराला नऊच्या पुढं. फ्लेम फोटोमीटरची ज्योत पिवळीधमक. सोडियम. माधव म्हणाला, भांडी नीट धुतली नसशील. धुतली, पुन्हा केलं. तेच.

२० एप्रिल
काचेच्या नळ्यांत दोन्ही माती भरून वर पाणी ओतून ठेवलं होतं. मधल्या उताराच्या नळीतून पाणी झिरपून बीकरमध्ये उतरलंय. मामाच्या मातीवरचं पाणी काल ओतलं तसंच उभं. माधवला बोलावलं. वाकून बराच वेळ बघत राहिला.
"निचरा नाहीच," तो म्हणाला.
"कॅनॉलचं पाणी दिलं तर काही वर्षांत मीठ वर येऊन चोपण होणार."
"होणारच. कृष्णाकाठी बघतोय ना आपण. पांढरी फटक."
दोघांचं एकमत. अशा वेळी हे काम फार आवडतं.

११ जुलै
वडूजच्या पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन आले. पाऊस कोयनानगरला कोसळून मोकळा होतो, आमच्याकडं पोचतो तो नुसता वारा. जमिनीवर पडतं त्याहून कितीतरी जास्त उडून जाण्याची उन्हाची ताकद. आणि पाणी उडतं ते एकटं. मीठ मागं ठेवून.
संध्याकाळी नकाशावर उताराच्या रेषा काढल्या. वरचे मळे गावातल्यांचे. तळाची पट्टी आमच्या वाडीची, जुन्या वतनातली. सगळ्या शिवाराचं मीठ वाहत येऊन जिथं बसतं, नेमकी तीच जमीन आमच्या लोकांच्या वाट्याला. रिपोर्टात हे वाक्य बसत नाही. "उताराचा सर्वांत खालचा भाग" एवढंच बसतं.

२९ सप्टें.
आमचा मजकूर पुरा झाला. मधल्या उताराला पाणी द्यायला हरकत नाही. खालच्या पट्टीला आधी निचऱ्याचे खोल चर, मगच पाणी. चर नसतील तर पाणी नको. शेवटचं वाक्य माधवनं सुचवलं. टायपिंग तो बघेल, लॅबच्या साहेबांकडेही तोच देईल. मी उद्या साताऱ्याला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.

८ जाने. ९५, वाडी

शाळेपुढं मांडव. योजना मंजूर झाल्याची सभा. साहेब, माधव, मी खुर्च्यांवर. मामानं स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली. त्याचा थोरला, सदा, विट्याच्या गलाईवाल्यांबरोबर कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात असतो, तो मुद्दाम आलेला. पाणी येणार म्हणून दुकान सोडून कायमचा परत यायचं म्हणतोय.
मग माधवनं रिपोर्ट वाचला. "या पट्ट्यातील प्रातिनिधिक माती मध्यम खोल असून निचरा समाधानकारक आहे. बागायतीस योग्य."
प्रातिनिधिक म्हणजे मधल्या उताराचा खड्डा. चौथा खड्डा नाहीच. वाटलं, पान उलटायचं राहिलं असेल. वाट बघत बसले. माधवनं कागद मिटले आणि वर बघून म्हणाला, "हे संशोधन तुमच्या वाडीच्या भाचीचं, सुजाताताईंचं. माझं नाव त्यांच्या मागं." टाळ्या.
मी उठले. "खालच्या अंगाची माती वेगळी आहे. तिथं चर काढल्याशिवाय पाणी..." पुढं बोलू कसं? माइक त्याच्याच हातात. तो हसून म्हणाला, "ताईंना माहेरची जरा जास्तच काळजी!" मांडव हसला. मामाही हसला.
नंतर वाडीतल्या सगळ्यांनी पाण्याच्या चारीसाठी जमीन द्यायला संमती दिली. मामानं पहिली. अंगठा पुसत माझ्याकडं बघत होता, लय खूष.

९ जाने., सांगली
काल जीपमध्ये साहेब होते, बोलता आलं नाही. आज दुपारी माधवला टपरीवर गाठलं.
"चौथा खड्डा कुठाय?"
"साहेब म्हणाले, गोंधळ होईल. चर धरले तर खर्च वाढतो, योजना मागं पडते."
"मला का विचारलं नाहीस?"
"तू सही केली नसतीस."
"मग माझं नाव कशाला घातलंस?"
त्यानं चहा बशीत ओतला. फुंकर मारत बसला.
"तुझं नाव नसतं तर वाडीनं जमीन दिली नसती, सुजाता. साहेबच म्हणाले, बाईंचं नाव पुढं असू दे."
हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. जणू मला कळेलच.
काम चोरलं असतं तर बरं झालं असतं. नाव पुसलं, असं निदान कुणाला सांगता आलं असतं. यानं माझं नाव आधी घातलं, मोठ्या अक्षरांत.

२२ जाने., वाडी
मामाला सगळं सांगितलं. मीठ खाली कसं बसलंय, पाण्यानं वर कसं येईल, चोपण म्हणजे काय. त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग,
"कुणी शिकवून धाडलं तुला? वरच्या मळेवाल्यांनी?"
"आवं मामा, मी का..."
"तुझ्या आज्जीला गावच्या हिरीवर हंडा लावू देत न्हवते. काठावर हुबी ऱ्हायची, कुणी वतलं तर वतलं. आता पानी आपल्या बांधाला येतंय, तर आडवी कोन? आमचीच शिकल्याली पोर."
मामी दारात उभी.
"आन रिपोर्टात तर तुजंच नाव हाय. मग तवा खोटं लिवलंस, का आत्ता खोटं बोलतीस?"
सांगितलं, माधवनं बदललं.
"त्यो? आमच्यात मांडी घालून जेवला त्यो?" मामा मान हलवत राहिला. "न्हाई, न्हाई. त्यो तसा न्हाई."
म्हणजे विश्वास त्याच्यावरच.
एसटीत बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईनं खिडकी सरकवून दिली, म्हणाली वारा घ्या.

१४ फेब्रु.
साहेबांना लेखी दिलं, माझं नाव काढा. त्यांनी बसायला सांगितलं, पंखा वाढवला. "प्रती गेल्या, बाई. आता नाव काढलं तर तुमच्याच कामावर शंका घेतील. नोकरीला किती वर्षं झाली तुम्हाला?" गोड आवाजात.
चौथ्या खड्ड्याचे सगळे आकडे पुण्याच्या मुख्य ऑफिसला रजिस्टर्ड पाठवले. आईला सांगितलं. ती डोळ्याची पट्टी निघाल्यापासून सगळीकडं टक लावून बघते. म्हणाली, "माधवला आवडतं म्हणून मी खरड्यात लसूण जास्त घालायची." बास, एवढंच.

५ एप्रिल
पुण्याहून काही नाही.
रजा टाकून वाडीला. पाणी थांबत नसेल तर निदान चर तरी. मामा भेटला नाही, की भेटायचं नव्हतं. सदाबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले, चर कुठून काढायचा ते खुंट्या ठोकून दाखवलं. सदानं ऐकलं, पण म्हणाला, "ताई, चर आमच्याच रानातनं जानार. वरच्यांचं काय जातंय? चारीला बी आमीच दिली, चराला बी आमीच द्यायची?"
यावर मातीचं शास्त्र काही सांगत नाही.

२ जून
माधवची पुण्याला बदली, बढतीवर. पेढे घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "अजून राग आहे?" विचारलं. राग हा शब्द फार लहान आहे, असं म्हणणार होते. लॅबमधले सगळे बघत होते. पेढा घेतला. तो गेल्यावर तसाच ठेवला, संध्याकाळपर्यंत मुंग्या.
मी कामाला बसले की अजून मान वळवून त्याला काहीतरी विचारायला जाते. सवय.

१७ डिसें.
ऑफिसात निरोप होता, मामानं वडूजच्या बूथवरून फोन केलेला. जानेवारीतल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच. कोपऱ्यावरच्या बूथवरून तिथल्या नंबरावर लावला, तो तिथंच बसून होता.
"पानी आलं काल. तू आली न्हाईस."
"कुणी कळवलंच नाही, मामा."
"व्हय. ते बी खरंच." मीटर पळत होता. "सदानं ऊस लावायला काढलाय. सुजे, एक खरं सांग. मीठ वर याला किती वर्सं लागतील?"
म्हणजे त्याला पटलं होतं. कधीपासून?
"नक्की सांगता येत नाही. पाच. कदाचित सात."
"तवर तरी पिऊ दे की गं."
मी चराचं विचारलं, खुंट्या आहेत का अजून. तिकडं मागं पोरं ओरडत होती, ट्रॅक्टर चालू होता. बघू म्हणाला, की बरं म्हणाला. नीट ऐकू आलं नाही.