लेबलाची मागची बाजू

३ जून, सोमवार

सामान आलं — पांढरा कागद एक दस्ता, सोळा रुपये. काळी शाई एक बाटली, नऊ. सुतळीचा गुंडा, बारा. शाई महाग लावली मेल्याने!

पार्सलांची लेबलं आता घरीच करायची. छापखानेवाला फार मागतो, असं ह्यांचं म्हणणं. शिवणयंत्राचे सुटे भाग हे दुकानातून गावोगाव टपालाने पाठवतात. पार्सलं बांधायची घरी. बांधणार कोण? मीच.

लेबलाच्या कोपऱ्यात एक सुई काढली. तिच्या नेढ्यातून निघालेला दोरा चारी बाजूंनी फिरवला, त्याचीच चौकट झाली. वन्सं — माझी थोरली नणंद, इथेच असतात — बघून म्हणाल्या, "पार्सलाला एवढं नटवून सासरी धाडायचंय का?" बोलून गेल्या नि गप्प झाल्या.

५ जून

गप्प झाल्या, कारण लेकीचा विषय या घरात काढायचा नाही. तिने मनाने लग्न केलं, त्या दिवशी हे सगळ्यांसमक्ष म्हणाले, "तिने या घरात यायचं नाही, इथून तिला पत्र जायचं नाही. माझा शब्द आहे." तिचा पत्तासुद्धा मला ठाऊक नाही. तिकिटं ह्यांच्या खिशात, टपाल ह्यांच्या हातून. माझी धाव दारापर्यंत. जपाला बसते तर ओठांवर देवाचं नाव नि मनात तिचं. देवाला काय ते कळतच असेल.

११ जून

लेबलं चिकटवायची खळ शिजवताना करपली. दिवस वाया.

१८ जून, मंगळवार

दुकानात एक कार्ड आलं, ते हे घरी घेऊन आले. कुठल्याशा शिवणवर्गाचं. एक बॉबिन केस हवी. खाली एक ओळ — "वरचे लेबल अख्खे निघेल असे, पातळ खळीने लावावे."

"गिऱ्हाईकं तरी काय एकेक!" म्हणून हे हसले.

अक्षर अनोळखी. पण मागणं ओळखीचं. लहानपणी पार्सलांची लेबलं ओली करून, सोलून वहीत चिकटवायची ती! "आई, खळ पातळ कर गं, फाटतं!" — दुसरं कोण मागणार असलं काही?

१९ जून

लेबलाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, शाई फुटली असती. "सुखात आहेस ना? मी बरी आहे." एवढंच मावलं. वर पातळ खळ, नि पार्सलावर लावलं.

वजन करताना ह्यांनी पार्सल बराच वेळ हातात धरलं. मी सुतळी गुंडाळत राहिले. "सरळ लावलंयस," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही म्हणाले नव्हते.

देवा, हे पत्र नव्हे हं. लेबल आहे.

२ जुलै

पुन्हा त्याच वर्गाचं कार्ड. दोन सुया! पोरीने बॉबिन केस काय केली असेल, देव जाणे. पण कार्डावर तिचं स्वतःचं असं काहीच नाही. कसं असेल? कार्ड दुकानात येतं, हे वाचतात. माझं तिच्यापर्यंत जातं, तिचं माझ्यापर्यंत येत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

४ जुलै

मेले! "तुला एकदा बघायचंय, पण कशी येऊ" — इतकं लिहून झालं नि मागे वन्सं!

"आता मागच्या बाजूलाही नक्षी का गं?"

"पेन्सिलीला टोक आहे का बघत होते."

"हं. नजर अधू झालीय तुझी. उद्यापासून लेबलं मी लावत जाईन. तू नुसते पत्ते लिही."

झालं. एवढी एक फट होती, तीही बुजली. हे एक लेबल तेवढं घाईघाईने लावून टाकलं. सुतळी कशीबशी बांधली. रात्री जेवण गेलं नाही.

५ जुलै

वन्सं लेबलं लावतात. सगळी वाकडी.

८ जुलै, सोमवार

हे माल आणायला गेलेले, दुकान बंद, म्हणून टपालवाल्याने पार्सल घरी आणून दिलं. "बाई, गाठ सुटलीय. नीट बांधून द्या." तेच, दोन सुयांचं! वन्सं झोपल्या होत्या. वेष्टन फाटलेलं, पण लेबल धड होतं. ते वाचवावं म्हणून पाण्याचा हात लावला.

निघेना. खळ माझी नव्हती. जाड, गाठीगाठींची! कुणीतरी लेबल काढून परत लावलेलं. वाफेवर धरून कसंबसं सोडवलं नि उलटं केलं.

माझ्या ओळीखाली ह्यांचं दुकानातलं अक्षर, मुंगीएवढं —

"दिलेला शब्द मला मागे घेता येत नाही. दुपारी मी घरी नसतो. त्या दिवशी आत्याला डॉक्टरांकडे नेईन. तू ये. आई बोलत नाही, पण वाळत चालली आहे. जितक्या सुया मागवशील, ती तारीख समजेन. उलट टपाली कळव."