पांढरा स्पंज

रविवार, दिवेलागण

आमचा रोहित नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून ह्यांनी त्याच्या फिशटँककडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज मी कर्वेनगरहून भिशी आटपून आले, तर ह्यांनी आपणहून फिल्टर उघडून आतला स्पंज भांड्यांच्या साबणाने घासलेला. पांढराशुभ्र. परत बसवूनही झाला होता. स्पंज टँकच्याच पाण्यात पिळायचा, त्यावरचा तपकिरी थरच माशांना जगवतो, असं रोहित बजावून गेला होता. मी ह्यांना सांगितलं होतं का? आठवत नाही. घाईने अर्धं पाणी बदललं. तरी मासे वर येऊन श्वासासाठी तोंडं उघडतायत. आणि तो पांढरा स्पंज.

हे टँकपुढे खुर्ची टाकून बसलेत. कित्येक महिन्यांनी हसले.

"अगं बघ, आज सगळे मला बघायला वर आलेत."

मी म्हटलं, हो.