बाकारा आणि तुमची गाडी

धायरी, पुणे
रविवार, दुपारचे तीन

आदरणीय भाऊजी,

केदारचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर परवानगी देत नाही). आक्काची तब्येत कशी आहे? नातीचं बारसं झालं का, की नावावरून अजून दोन्ही घरांत चर्चा चालू आहे? तुमचं पित्त इंदूरच्या जिलेबीशी जुळवून घेत असेल, अशी आशा करतो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

तर विषय आपल्या सोसायटीतल्या लिफ्टशेजारच्या छपराखालच्या जागेचा. तुम्ही लेकीकडे गेल्यापासून तुमची गाडी मी तिथे लावत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कोंडीरामांनी त्या जागेवर हक्क सांगितला. दोन बैठका झाल्या, दुसरीत चहासुद्धा कोणी प्यायलं नाही, यावरून वातावरण ओळखा. शेवटी आपल्या सेक्रेटरी प्रियदर्शनीने (आयटीत आहे, ऑफिसच्या सहलीत गोव्याचा कॅसिनो बघून आली आहे) तोडगा काढला. म्हणाली, "काका, चिठ्ठ्या टाकल्या तर हरणारा म्हणणार, घडी ओळखू येत होती. त्यापेक्षा बाकारा खेळा. त्यात कोणालाच अक्कल चालवावी लागत नाही." सोसायटीला हा खेळ एकमताने पसंत पडला. तळमजल्यावरच्या दत्तोबांना 'बकरा' ऐकू आलं. त्यांनी कोण म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

खेळ सोपा आहे. दोन बाजू, एक खेळाडू आणि एक बँकर. (कोंडीराम पतसंस्थेतून निवृत्त झालेले, त्यामुळे बँकर व्हायचा मान त्यांनी मागून घेतला.) दोघांना दोन-दोन पानं. एक्क्याचा एक, दुर्रीपासून नव्वीपर्यंत अंगावर असेल तेवढं, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा या सगळ्यांची किंमत शून्य. इतकी वर्षं पत्ते खेळलो, पण राजघराण्याचा एवढा अपमान कुठे पाहिला नव्हता. बेरीज दहा किंवा त्याच्या वर गेली की दहा सोडून द्यायचे, म्हणजे सत्ती आणि अठ्ठी मिळून पंधरा नव्हे, पाच. नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. पहिल्या दोन पानांतच आठ किंवा नऊ आले, तर खेळ तिथेच संपला. नाहीतर खेळाडूने पाचपर्यंत असतील तर तिसरं पान घ्यायचंच, सहा-सात असतील तर गप्प बसायचं. बँकरच्या तिसऱ्या पानाचे नियम आणखी किचकट आहेत. ते प्रियदर्शनीच्या मोबाइलमध्ये होते आणि कोंडीरामांनी ते तीनदा वाचायला लावले. कॅसिनोत आठ कॅट लागतात, आम्ही दोनांत भागवलं.

आज सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये डाव मांडला. गर्दी गणपतीच्या आरतीलाही नसते एवढी. कोंडीरामांच्या पत्नी मुक्ताई वॉकर घेऊन आल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दारापासून खुर्चीपर्यंतच्या दहा पावलांना त्यांनी इतका वेळ घेतला, की पत्ते वाटणारी प्रियदर्शनी पानं हातात धरून थांबली. मध्ये एकदा त्या भिंतीला टेकल्या आणि "चालू द्या तुमचं" म्हणाल्या. अशा वेळी लोकांनी घरी थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. खेळणाऱ्याचं लक्ष विचलित होतं.

पहिल्या डावात दोघांचे सहा-सहा. बरोबरी झाली की कोणी जिंकत नाही, परत वाटायचं. दुसऱ्या डावात कोंडीरामांनी पानं लगेच उलटी केली: चव्वी आणि तिर्री, सात. मी माझी पानं कोपऱ्यातून उचलून पाहिली (गोव्यात असंच पाहतात म्हणे) आणि म्हणालो, "सहा. राणी आणि छक्की."

"दाखवा की काका," प्रियदर्शनी म्हणाली.

"सहाला तिसरं पान नाही ना? मग प्रदर्शन कशाला?" असं म्हणून मी पानं गड्डीत कोंबली आणि पिसून टाकली. माझा स्वभाव सर्वांना ठाऊक असल्याने कोणी वाद घातला नाही. कोंडीराम माझ्याशी हात मिळवायला आले. मी मिळवला नाही.

घरी रुपाली म्हणते, परक्याची गाडी पणाला लावणारा तू पहिलाच. तुम्ही परके नाही, हे मी तिला ठणकावून सांगितलं.

तुमचा,
केदार

ता. क. : गाडीचं कव्हर तुमच्या घरी कुठे ठेवलं आहे, ते कृपया लगेच कळवा. गाडी आता कुंपणाबाहेर पिंपळाखाली आहे. मुळात ती पांढरी होती, त्यामुळे कावळ्यांचं काम लांबून दिसत नाही.

ता. क. २ : राणी खरीच होती. छक्की मात्र नव्वी होती. आक्काला सांगितलंत तर ती रुपालीला सांगेल आणि रुपाली मुक्ताईंना. मग ते नवरा-बायको पेढे घेऊन माझ्या दारात उभे राहतील, आणि मला कोंडीरामांशी बोलावं लागेल.