मे महिन्याचं पान

आई,

तू गेल्यावर बाबा अकरा वर्षं जगले आणि आल्यागेल्याला एकच सांगत राहिले, "चाळीस वर्सांत एकदा मोजनी चुकली तिची. एकदाच." सांगताना त्यांना तुझा अभिमानच वाटायचा. मी शेजारी बसून मान हलवायचे आणि चहा ठेवते म्हणून उठायचे. तुझी मोजणी चुकली नव्हती, एवढं आज लिहून ठेवते.

कोलशेतच्या खाडीत उतरण्याआधी तू बोटांच्या पेरांवर तिथी मोजायचीस. तिथीवरून ओहोटीची वेळ कळायची. ओहोटीला तिवरांपलीकडच्या चिखलात जायचं, बिळांत हात घालून निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, धरायच्या आणि पाणी फिरायच्या आत बांधावर परत यायचं. बाबासुद्धा होडी काढण्याआधी तुलाच विचारायचे. मी चौथीत असेन, तू चुलीपाशी बसून मला तिथी विचारलीस आणि मी वहीतून डोकं वर न काढता दशमी म्हणून ठोकून दिलं. भाकरी तव्यावर तशीच टाकून तू उठून आलीस. "ठाऊक नसंल तं नाय म्हन. अंदाजानं तिथ सांगाची नाय. पानी समोरनं नाय येत गो, पाठनं येतं." बांध आणि चिखल यांच्यामध्ये एक ओहोळ होता, भरतीत तो आधी भरायचा, हे मला तेव्हा नीट कळलं. करपलेली भाकरी तू मलाच वाढलीस. मी फुरंगटून खाल्ली.

लग्न होऊन मी कोपरला आले, ऑफिसला जाऊ लागले, आणि दर जानेवारीत मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर तुला आणून द्यायला लागले. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं काढलं की, "पावसानंतर बगू." असे किती पावसाळे गेले. आकडे दिसत नाहीत हे तू कुणाला कबूल केलं नाहीस. आमची परीक्षा घेतल्यासारखं विचारायचीस, "सांग बगू, आज कंची तिथ?" तुझी युक्ती मला कळली होती. मला तिची गंमतच वाटायची, खरं सांगते.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन माहेरी आलेले. ती सात वर्षांची. शाळा जूनमध्ये कोणत्या वारी उघडते ते पाहायला मी संध्याकाळी कॅलेंडरचं पान उलटलं, खिळ्याला अडकवलं, आणि तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला. अंगणात सुकत घातलेल्या सुकटीचा वास हलत नव्हता. मी लेकीच्या वेण्या घालत होते, रिबीन माझ्या दातांत. तू टोपली उचललीस आणि विचारलंस.

मी मान वळवून तारखेचा चौकोन पाहिला. "सप्तमी."

तू थांबलीस. "सप्तमी? मना पंचमी वाटलेली."

"अगं आई, लिहिलंय समोर. तुला दिसत नाही, मला दिसतं ना!"

तू अंगठा दोन पेरं पुढे सरकवलास, दारात थोडा वेळ बसून राहिलीस, कारण सप्तमीची ओहोटी पंचमीपेक्षा दीडेक तास उशिराची. घाई नव्हती. नातीला तू स्वतःच्या हाताने लाडू दिलास आणि तिचं बोट धरून निघालीस. मागे वळून तू म्हणालीस, "भात उशिरा लाव." तोही मी उशिराच लावला.

पुढचं मला लेकीने सांगितलं. ती नेहमीसारखी बांधावर बसली होती, तू ओहोळ ओलांडून पार पलीकडे. तुझ्या पाठीमागे ओहोळ चढायला लागला तो तिला दिसला. ती ओरडली, "आजी, पाणी आलं!" तू मान वर केलीस, तिच्या दिशेने हात हलवलास. "नाय गो बाय, ओहोट हाय अजून. तुझी आय सप्तमी बोलली." आणि पुन्हा बिळात हात घातलास. सात वर्षांच्या पोरीला समोर दिसत होतं. तू विश्वास ठेवलास तो माझ्यावर. ती धावत घरी येईपर्यंत, बाबांनी होडी पाण्यात लोटेपर्यंत, तिथे फक्त टोपली तरंगत होती.

तुला घरी आणलं तेव्हा कुणीतरी चादर मागितली. कपाट उघडताना माझी नजर भिंतीवर गेली. भिंतीवर जून होता. बाहेर बायका रडत होत्या, बाबा ओट्यावर बसून एकेकाला सांगत होते, डोळ्यांनी फसवलं तिला, मोजनी चुकली. मी पान सोडवलं आणि मे पुढे आणला. त्या दिवशीच्या चौकोनात पंचमी होती. मग चादर घेऊन बाहेर गेले आणि सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले, हो, डोळे फारच गेले होते तिचे.

माझ्या घरात आता कॅलेंडर नाही. मोबाईलवर सगळं दिसतं, असं मी लोकांना सांगते.

लेक तिच्या मुलाला घेऊन चार दिवस राहायला आलीय. ती त्याला पाण्याजवळ जाऊ देत नाही, साध्या तलावाजवळसुद्धा नाही. काल भांडी आवरताना मध्येच म्हणाली, "मी तेव्हा अजून जोरात ओरडायला हवं होतं, आई." इतक्या वर्षांत असं ती कितीदा तरी म्हणाली असेल. मी दर वेळी म्हणते तेच म्हणाले, अगं, तू लहान होतीस.

हे मी तुला लिहितेय कारण तू वाचणार नाहीस. जिने वाचायला हवं ती बाहेरच्या खोलीत बसलीय, दार उघडंच आहे, आणि मी हा कागद घडी करून उशीच्या अभ्र्यात सरकवतेय.