नागफणी नव्हे

प्रिय ऋतुजा,

भर क्लासात उठून तू ‘नागफणी, सर’ म्हणालीस, तिथंच माझं सगळं फिरलं. बसवंत सरांचं सोड. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघालेत, त्यातलाच त्यांचा एक; परीक्षेत येत नाही ते तिथं जगातच नसतं. ओल्या रुमालातून मी आणलेलं तुझ्या झाडाचं फूल त्यांनी धड बघितलंसुद्धा नाही. ‘काटे हायत ना? मग नागफणी. लिहून घ्या.’ मी नाही म्हणालो, तर पहिली येणारी म्हणून त्यांनी तुला उठवलं. तू एकदा फुलाकडं बघितलंस, एकदा माझ्याकडं, आणि बोललीस. ‘मुखेडचे शास्त्रज्ञ, बसा आता!’ सर मला म्हणाले, सगळे फिदीफिदी हसले. मी नोट्स खिडकीतून भिरकावल्या अन् जिना उतरलो. कॉलेजही त्यातच सुटलं. पण किळस आली ती तुझ्या त्या गोड ‘सर’ची.

तुला ठाऊक होतं गं. नागफणी चपटी, फूल पिवळं. हा तर कंगोऱ्यांचा गोळा, अंगाला पिल्लं चिकटलेली, अन् वीतभर नळीचं पांढरं फूल, नळीवर लव. भूकंपात तुमचं घर बसलं, त्या दगडमातीतून तुझ्या शेषेरावकाकांनी हा डालडाचा डबा काढला. डबा चेपलेला, झाड जितं. तुझी आई मात्र गेली. ‘आईनं हे कुठून आणलं, नाव काय, विचारायचंच राहिलं,’ असं तू पत्र्याच्या शेडच्या दारात म्हणालीस, तेव्हा नाव शोधून देईन असा मी शब्द दिला होता. होस्टेलात काटे ठेवू देईनात म्हणून डबा माझ्या खोलीवर आला. घरमालकीण कमलम्मा रोज चिडवायच्या, ‘तुझी काटेवाली काय म्हणून राहिली रे?’ झाडाबद्दल विचारतात की तुझ्याबद्दल, मला कळायचं नाही.

क्लास सोडल्यावर नांदेडच्या एका लायब्ररीत बसलो. सुकलेलं फूल ब्लेडनं उभं चिरलं, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघितलं. एकिनॉप्सिस. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्यातली नेमकी जात ठरंना. पुस्तकवालेच म्हणतात, संकर लई झालेत. म्हणून पुढची जागा मोकळी सोडली. मार्कांसाठी काहीबाही भरायला मी म्हणजे काय तू?

मेडिकलला जायची म्हणून काल तू कमलम्मांजवळ निरोप ठेवलास, ‘माझी नागफणी काढून ठेवायला सांगा, जाताना नेते.’ अजून नागफणीच! अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तरी डब्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलंय. वनस्पतीच्या नमुन्यावर तिच्या नावाखाली तो गोळा करणाऱ्याचं नाव घालायची रीत असते. क्लासात नसतील शिकवत. वर एकिनॉप्सिस, खाली तुझ्या आईचं, तारामती. माझं कुठंच नाही. एक पिल्लू ठेवून घेणार होतो, बोट लावलं तर सुटेल इतकं सैल झालंय. नाही तोडलं. धर्माबादला मिरचीच्या आडतीवर काम मिळालंय, तिथं त्याला कोण बघणार. नवी कळी धरलीय, पाणी बेतानं घाल. पत्र डब्याखाली ठेवून दार ओढून घेतोय. कुलूप लावत नाही.

तुझाच, आणि याचीच जास्त किळस येते,
नरसिंग